क्ष-किरणतज्ज्ञाची खुर्ची

इ. स. २०१६ मध्ये टोरांटो येथील एका परिषदेत जेफ्री हिंटन या शास्त्रज्ञांनी असे सांगितले की, नवे क्ष-किरणतज्ज्ञ तयार करणे आता थांबवावे. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, हे काम यंत्र माणसापेक्षा सरस करील. हिंटन हे काही बोलघेवडे गृहस्थ नव्हेत. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ज्या संशोधनावर उभी आहे, त्यासाठी २०२४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत मिळाले.

पाच वर्षांची ती मुदत केव्हाच उलटली. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या विख्यात संस्थेत २०२५ साली सुमारे ४०० क्ष-किरणतज्ज्ञ होते, म्हणजे २०१६ च्या मानाने ५५ टक्के अधिक! यंत्रे तेथे पोहोचली नाहीत असेही नाही. ती त्याच तज्ज्ञांच्या शेजारी बसून काम करीत आहेत.

मग एवढ्या मोठ्या पंडिताचा अंदाज चुकला कोठे? चित्रात डाग आहे की नाही हे ओळखणे, एवढेच त्या तज्ज्ञाचे काम त्यांनी धरले. वास्तविक कोणते चित्र काढावे हे ठरविणे, जुन्या चित्राशी ते ताडून पाहणे, शस्त्रवैद्याशी बोलणे आणि अखेर अहवालावर सही करून त्याची जबाबदारी शिरावर घेणे, हे सारे त्याच खुर्चीत बसून करावे लागते. यंत्राने यांतील एक काम उचलले. तेही थोडे नव्हे. स्वीडनमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत प्रत्येक चित्र दोन डॉक्टरांनी पाहण्याची रीत आहे. ८०,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत यंत्राने आधी चित्रांची निवड करून दिली, तेव्हा डॉक्टरांचे वाचनाचे श्रम ४४ टक्क्यांनी घटले आणि रोगनिदानात उणेपणा आला नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

जेथे खुर्ची मुळात रिकामीच होती, तेथील गोष्ट वेगळी. क्षयरोगाच्या प्राथमिक तपासणीत १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींचे छातीचे चित्र माणसाऐवजी यंत्राने वाचले तरी चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचे साधन याच कामाचे आहे. जेथे चित्र काढण्याची सोय आहे, पण ते वाचणारा कोणी नाही, तेथे यंत्राने कोणाची भाकरी हिरावली असे म्हणता येणार नाही.

परंतु ज्या नोकरीत ठराविक प्रश्नांना ठराविक उत्तरे द्यावयाची असतात, तिची स्थिती अशी नाही. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने २०२४ साली जाहीर केले की, ग्राहकांच्या शंकानिरसनात तिचे यंत्र ७०० माणसांचे काम करते. (अर्थात हा आकडा कंपनीचाच, दुकानदाराने आपल्या मालाची केलेली वाखाणणी म्हणूनच तो घ्यावा.) पुढल्याच वर्षी सेवेचा दर्जा घसरल्याचे तिच्या प्रमुखांनी मान्य केले आणि माणसे पुन्हा नेमण्यास आरंभ केला.

खरी काळजी आणखी एका ठिकाणी आहे. पोलंडमधील काही डॉक्टर दुर्बिणीने आतड्याची तपासणी करताना यंत्राची मदत घेऊ लागले. पुढे यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहता, गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर उतरल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. ही माणसे प्रत्येकी २,००० हून अधिक तपासण्या केलेली, मुरलेली होती. मग नवशिक्याचे काय? सोपी, निर्दोष चित्रे शेकड्यांनी पाहूनच त्याची नजर बसते, आणि यंत्राकडे सर्वांआधी जाणार ती हीच चित्रे. वकिलाच्या हाताखालचा उमेदवार किंवा पेढीवरचा नवा कारकून, यांचीही गत निराळी नाही. तेही अशाच किरकोळ कामांवर तयार होत आले.

नवशिक्याने आपले मत आधी लिहावे आणि यंत्राचे मत मागाहून पाहावे, असा नियम रुग्णालयांना घालता येईल. तथापि त्यात वेळ मोडतो. आणि पुष्कळ रुग्णालये यंत्र विकत घेतात ती वेळ वाचविण्यासाठीच.