सड्यावरची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाला मी आजवर कधी उभी राहिले नाही. हळदीकुंकवाची यादी वाचायची, भिशीचा हिशेब सांगायचा, एवढाच माझा बोलण्याचा सराव. शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा सड्यापलीकडे दीड तासाच्या वाटेवर होती आणि मुलीच्या जातीने एकटीने सडा ओलांडायचा नाही, असे आमच्या घरी ठरले होते. आज त्या सड्याविषयीच बोलायला मला उभे केले आहे. चुकलेमाकले पोटात घालावे.

सडा म्हणजे आपण दारात घालतो तो नव्हे. कोकणात डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे, सपाट माळ असतात, त्यांना तिकडे सडा म्हणतात. माझे माहेर राजापूर तालुक्यात अशाच एका सड्याच्या पायथ्याशी आहे.

विषय निघाला गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आपल्या सिंधी भगिनी पापडाच्या कामामुळे मंडळात आल्या आणि आता घरच्याच झाल्या आहेत. त्यांचा भाचा व्यापारानिमित्त परदेशी असतो. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात नाझ्का नावाच्या वाळवंटावरून छोट्या विमानाने फिरून आला, ते चित्रण त्यांनी मोबाईलवर दाखविले. खाली नुसती माती आणि खडे, आणि त्यावर रेघांनी काढलेले भलेमोठे माकड, कोळी, पक्षी! दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी वरचे काळपट दगड बाजूला सारून खालची फिकट माती उघडी केली, तीच ती रेघ. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून टिकली. त्यातला चोचवाला पक्षी ९३ मीटरचा आहे. आपल्या साडेपाच मीटरच्या सतरा साड्या टोकाला टोक लावून पसरल्या तर एवढी लांबी होईल. जमिनीवर उभे राहून त्यातले काही कळत नाही, म्हणून विमान. ते विमान एकदा डाव्या कुशीवर कलते, एकदा उजव्या, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना दिसावे. भाच्याने निम्मा वेळ पिशवीत तोंड घातले होते, हेही त्यांनी न लपवता सांगितले.

सगळ्या म्हणाल्या, आपणही जाऊ या! खर्च विचारला तेव्हा माणशी काही लाखांचा आकडा निघाला आणि तिळगुळाची ताटली पुन्हा फिरू लागली. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेले, "आमच्या सड्यावर आहे असलं. मोठा मासा आहे. आम्ही त्यावर लंगडी घालायचो."

हशा झाला. कोणी म्हणाले, माहेरचा कावळासुद्धा गोरा असतो. मी हिरमुसले, पण घरी आल्यावर मुलीला म्हटले, जरा शोधून वाचून दाखव. तिने जे वाचले ते ऐकताना माझी भाकरी तव्यावर करपली.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशी चित्रे एक-दोन नाहीत, हजाराहून अधिक आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षे सडे तुडवून, गुराख्यांना आणि गावच्या म्हाताऱ्यांना विचारून ती हुडकली. २०२२ साली त्यांपैकी नऊ ठिकाणांची नावे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, उक्षी ही आपल्याकडची आणि फणसामाळ हे गोव्याचे. बारसूचे नाव तुम्ही २०२३ साली रोज ऐकले असेल, पण ते रिफायनरीच्या माती परीक्षणावरून. त्याच सड्यावर एक माणूस दोन्ही बाजूंना दोन वाघ धरून उभा आहे, हे माहीत असलेल्या आपल्यात कितीजणी?

कशेळीचा हत्ती १८ मीटर लांब आहे. दोन नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरली तरी त्याची शेपटी उरेल. त्याच्या पोटात आणखी कितीतरी लहान चित्रे खोदलेली आहेत. या सगळ्या चित्रांत गेंडा आहे, जो कोकणात आज औषधालाही सापडत नाही. मोठमोठे मासे आहेत. पण नांगर, पेरणी, शेतीचे काही नाही. त्यावरून जाणकार म्हणतात की ही माणसे शेतीच्या आधीची, शिकारीवर जगणारी असावीत. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे, आणि त्याला आपण केवढे पुरातन म्हणतो. त्याच्यावर निदान शिलालेख आहे, राजाचे नाव आहे. सड्यावर कोणी नाव लिहून ठेवलेले नाही. पेरूत पाऊस नाही म्हणून रेघा राहिल्या, आणि आमच्याकडे वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळूनही राहिल्या, कारण त्या कातळात खोदल्या आहेत.

पुढच्या सभेत मी हे सगळे सांगितले. कार्यवाहबाईंनी तिथल्या तिथे सहलीचे काम माझ्या गळ्यात घातले. दरवर्षी टिटवाळा नाहीतर बारवी धरण, फार तर मुळगावचा खंडोबा, ही आपली धाव. आणि मी आजवर एक तिकीटसुद्धा स्वतः काढलेले नाही. घरी सांगितले तर हे म्हणाले, "वीस बायका आणि राजापूर? पत्रावळी मोजता मोजता तुला रडू येईल." तसे ते रागाने नाही म्हणाले. आगगाडीचे वेळापत्रक त्यांनीच आणून दिले.

तर बेत असा आहे. रात्री जेवून लोकलने ठाणे, तिथून कोकणची गाडी, पहाटे रत्नागिरी. ठाण्याला अपरात्री थांबण्यावर बदलापूरच्या भगिनींची हरकत आहे. दिव्याची सकाळची सावंतवाडी गाडी धरली तर ती हरकत राहत नाही, पण दिवस गाडीतच जातो. मत रात्रीकडे झुकले आहे. पुढे एस.टी. बायकांना अर्धे तिकीट २०२३ साली सुरू झाले, त्यामुळे दिवाळीच्या फराळाच्या नफ्यात बरेच भागेल. महिना जानेवारी, संक्रांतीच्या आत. पावसाळ्यानंतर सड्यावर गुडघाभर गवत असते, ते वाळून गेल्याशिवाय रेघ दिसत नाही. बघायचे ते सकाळी लवकर नाहीतर उन्हे कलल्यावर. तिरपे ऊन पडले की खोदलेल्या भागात सावली बसते आणि चित्र उठून दिसते. भर दुपारी तुम्ही हत्तीच्या पाठीवर उभ्या राहून हत्ती कुठे म्हणून विचाराल. शिवाय जांभा तापतो तो निराळाच.

खरी अडचण उंचीची. कॅम्प पाचमधला एक मुलगा लग्नात ड्रोन उडवून फोटो काढतो. त्याला विचारले. तो म्हणाला, मावशी, यंत्राची नोंदणी लागते, कुठल्या भागात उडवायचे त्याचा सरकारी नकाशा बघावा लागतो, कुठे कुठे परवानगी घ्यावी लागते. हे सगळे त्याने हौसेने सांगितले आणि शेवटी दर सांगितला. तो आपल्या साऱ्या सहलीहून जास्त होता. तेव्हा ड्रोन रद्द.

इथे मला मुलीने वाचलेली दुसरी गोष्ट आठवते. नाझ्काच्या रेषांसाठी मारिया राइके नावाच्या एका जर्मन शिक्षिकेने जन्म घालविला. १९०३ साली जन्मली, १९९८ साली गेली. वाळवंटात राहायची, केरसुणी घेऊन रेषांवरचे खडे आणि धूळ झाडायची. आजूबाजूचे लोक तिला वेडी समजत. केर काढणाऱ्या बाईला कोणी विद्वान म्हणत नाही, हे तिकडेही आहेच म्हणायचे! ज्यांना विमान परवडत नाही त्यांच्यासाठी १९७६ साली रस्त्याकडेला तिने एक मनोरा उभा केला. आपल्यालाही मनोराच हवा. उक्षीला गावाने हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा बांधला आहे, त्याच्या बाहेरून नीट दिसतो. बाकी ठिकाणी आपण बांबूची शिडी नेऊ. दोघींनी धरायची, एकीने चढायचे. गुडघे दुखणाऱ्यांना खालून वर्णन ऐकवू.

आता माझ्या माशाचे सांगते. हे बोलावे की नाही याचा मी आठ दिवस विचार केला.

तो कुठल्या यादीत नाही. आमच्या सामायिक जमिनीत आहे. गावात त्याला पांडवांचा मासा म्हणत. आजी नाचणी वाळवायला सड्यावर जायची तेव्हा पहिली मूठ माशाच्या डोक्याशी ठेवायची आणि आम्हाला लंगडीवरून ओरडायची, "अगो, त्याच्या डोळ्यावर पाय नको!" डोळा म्हणजे वाटीएवढी खळगी. आम्हाला डोळा ठाऊक, शेपटी ठाऊक, पण सबंध मासा मी कधी पाहिला नव्हता.

वडील गेल्यावर मे महिन्यात भावाने बोलावून घेतले. सड्याची जमीन चिऱ्याच्या खाणीला द्यायची ठरते आहे, हक्कसोडपत्रावर सही हवी. तुमच्यातल्या बहुतेकींनी अशी सही केली असेल. माहेरी जायचे, साडीचोळी घ्यायची, सही करायची. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण भाऊबीज काही कायद्याने चालत नाही. मीही सही करायलाच गेले होते. पेनसुद्धा मुलीचे नवे घेतले होते.

भावाने जमीन दाखवायला वर नेले. शेजारच्या सड्यावर खाण सुरू झालेली, कापलेल्या कातळाच्या पायऱ्या खाली गेलेल्या, आणि आमच्या हद्दीला लागून चिऱ्यांनी भरलेला ट्रक उभा. का कोण जाणे, मी त्या ट्रकवर चढले. साडी खोचली आणि चिऱ्यांवर जाऊन उभी राहिले. भाऊ खालून ओरडत होता, "ताई, पडशील!" संध्याकाळची उन्हे होती. मला मासा दिसला. सबंध. कल्ले, पाठीवरचा पर, अंगावर चौकटी चौकटींची नक्षी, आणि आम्ही जिला दुसरेच काही समजत होतो ती त्याची वळलेली शेपटी. चाळीस वर्षे मी त्याच्या अंगावर खेळले, बसले, नाचणी वाळवली, आणि तो पोहतो आहे हे मला ठाऊक नव्हते.

२०१८ साली नाझ्काला एका ट्रकवाल्याने रस्ता सोडून गाडी रेषांवर घातली, तर जगभर बातमी झाली. आमचा मासा गेला तर त्याचे चिरे होतील आणि कदाचित आपल्या बदलापूरच्याच एखाद्या बंगल्याच्या कुंपणाला लागतील.

मी सही केली नाही. भावाला म्हटले, बाकी सगळी जमीन तुझी, आजच लिहून देते, पण माशाची पाच गुंठे वगळ. तो म्हणाला, मधला तुकडा वगळला तर खाणवाला घेत नाही. त्याच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी आहे, घराचे छप्पर आहे. तो लोभी नाही, हे मी इथे सांगून ठेवते. गणपतीत त्याचा फोन आला नाही. दरवर्षी येतो. आरतीच्या वेळी माझे लक्ष ताटात नव्हते, मोबाईलकडे होते.

मग मीच फोन केला, तो सहलीचा. म्हटले, कशेळी आणि बारसू करून आम्ही बावीसजणी तुझ्याकडे जेवायला येतो. फुकट नाही, ताटाचे पैसे मंडळ देईल. जेवण झाल्यावर सड्यावर जाऊ. तुझी शिडी काढून ठेव. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वहिनीने फोन घेतला आणि विचारले, "वन्सं, बावीसजणींत मासे खाणाऱ्या किती? तसं भरायला बरं."

सहीचे अजून काही ठरलेले नाही. शिडीचेही त्याने काही सांगितले नाही, म्हणून आपली बांबूची शिडी न्यायचीच आहे. येणाऱ्या भगिनींनी गुरुवारपर्यंत नाव आणि शाकाहारी की मत्स्याहारी ते माझ्याकडे कळवावे. डोक्याला रुमाल, पायात रबरी तळव्याच्या चपला, पाण्याची बाटली प्रत्येकीने आपापली घ्यावी. आणि एक मऊ केरसुणी मी घेते आहे. माशाच्या डोळ्यात पाचोळा साठतो.