समुद्राची पावती

(सोनई, ता. नेवासा येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सोनईत उभं राहून मी समुद्राबद्दल बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी ऐकलं. हसायला हरकत नाही. इथून समुद्र गाठायचा तर अख्खा घाट उतरावा लागतो. आपल्याकडचं मोठं पाणी म्हणजे मुळा धरण आणि त्याचा कालवा. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो इथेच बसलेल्या पाच पोरांनी निवडला आहे.

रमजान ईद झाली आणि ही पाच जणं भाड्याची गाडी करून कोकणात गेली. संध्याकाळी त्यातल्या एकाचा मला फोन. "चाचा, तुम्ही तिकडं नोकरी केली ना? मग सांगा, समुद्र बघायचे पैसे घेता येतात का?" गाडीचे ५० आणि माणशी १०, असे १०० रुपये गेले होते. पण दुखत होतं ते पैशांचं नव्हतं. पावतीवर नंबर नव्हता, शिक्का नव्हता. शौचालयाला कुलूप होतं. आणि नाक्यावरच्या माणसाने यांची एकमेकांना मारलेली हाक ऐकली आणि म्हणाला, "तुम्ही बाहेरचे लोक येता आणि घाण करून जाता."

पोरगं चिडलेलं होतं. मी त्याला विचारलं, "बिर्याणी कशात खाल्ली?"

"थर्माकोलच्या प्लेटांत."

"प्लेटा कुठं आहेत?"

फोनवर बराच वेळ आवाज नाही.

आजचं बोलणं त्या पावतीबद्दल आहे, आणि फोनवरच्या त्या गप्प बसण्याबद्दलही आहे.

मी सत्तावीस वर्षं ग्रामसेवक होतो, त्यातली बरीचशी कोकणात, किनाऱ्याच्या गावांत. आपल्या नगरची पोरं तिकडे मास्तर, ग्रामसेवक म्हणून लागतात, तुमच्याही घरात कुणी असेल. त्यामुळे पहिलं उत्तर मी कागदावरचं देतो.

समुद्र कुणाचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम २० मध्ये शासनाच्या मालकीच्या गोष्टींची यादी आहे. भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ त्यात आहे. त्याच यादीत नद्या, ओढे, नाले, तळी, कालवे आणि सार्वजनिक रस्तेही आहेत. म्हणजे कोकणातली ओली वाळू आणि आपल्या गावचा ओढा कायद्याच्या एकाच ओळीत बसतात. आणि शासनाची मालकी म्हणजे कलेक्टरच्या बापाची इस्टेट नव्हे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, अमानत. ज्याच्याकडे ठेवली त्याने सांभाळायची, स्वतःची समजून विकायची नाही. सर्वोच्च न्यायालय हेच विश्वस्ताच्या भाषेत सांगतं.

मग पैसे घेता येतात का? काही बाबतींत येतात. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्याचं कलम १२४ ग्रामपंचायतीला कर आणि फी लावायचा अधिकार देतं. घरपट्टी, पाणीपट्टी तुम्हाला माहीत आहेत. पण त्याच कलमात यात्राकर आहे, जत्रा-उत्सवावरचा कर आहे, आठवडे बाजाराची फी आहे, गाडीतळाची फी आहे. मात्र सरपंचाच्या मनात आलं आणि नाक्यावर दोरी बांधली, असं चालत नाही. १९६० चे कर व फी नियम आहेत. ठराव करावा लागतो, नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. वसूल केलेल्या प्रत्येक रुपयाची नंबर टाकलेली पावती फाडावी लागते आणि तो रुपया रोकडवहीत दिसावा लागतो. म्हणून नंबर नसलेला तो कागद म्हणजे पावती नव्हेच. तिथे तुम्ही भांडायला हवं होतं. तोंडाने नाही, दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता दुसरी बाजू. आपण शिंगणापूरच्या शेजारचे. बाहेरून हजारो माणसं आली की रस्त्याचं, नाल्याचं, उकिरड्याचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. किनाऱ्यावरच्या छोट्या गावाला तर कचरा उचलायची गाडी लागते, शौचालयाला पाणी लागतं, भरतीच्या वेळी पोरांना पाण्यातून हाकलायला जीवरक्षक लागतो. गावाची घरपट्टी तेवढी पुरत नाही. येणाऱ्याने दहा रुपये दिले तर त्यात अन्याय नाही. मी स्वतः तसा ठराव लिहिलेला आहे, आणि त्यात माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

गावाचं नाव सांगत नाही. सुट्टीत पर्यटकांची झुंबड उडायला लागली तेव्हा ग्रामसभेत स्वच्छता शुल्काचा विषय आला. तीस-पस्तीस माणसं होती. बहुतेक लॉजवाले, दुकानवाले आणि पुढारी. ठराव मी लिहिला, एका ओळीचा: किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीकडून शुल्क घ्यावे. सर्वानुमते मंजूर. आठवड्याभरात नाक्यावरच्या पोराने मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या एका बाईला अडवलं. दालदी समाजाची बाई, म्हणजे आपल्यातलीच, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातली. ती थेट माझ्या टेबलासमोर आली. पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या नवऱ्याची होडी तिथं लागते. मी तिथं फिरायला जाते होय?"

मी ठराव काढून वाचला. 'प्रत्येक व्यक्ती'. त्यात 'स्थानिक व मच्छीमार वगळून' हे चार शब्द लिहायचे राहिले होते. मुद्दाम कुणी वगळले नव्हते. त्या सभेत मासळीची पाटी उचलणारं कुणीच नव्हतं, म्हणून ते कुणाला सुचलेच नाहीत. मलाही नाही, आणि लिहिणारा मी होतो. पहिल्या हंगामाचे पैसे कशात गेले? स्वागत कमानीत. शौचालय तसंच राहिलं.

पुढच्या ग्रामसभेला ती बाई वीसेक बायका घेऊन आली. ठराव दुरुस्त झाला. शिवाय त्यांनी एक गोष्ट मागितली जी मला सत्तावीस वर्षांत कुणी मागितली नव्हती: जमा किती, खर्च किती, याचा फलक नाक्यावरच लावा. त्या वर्षी शौचालयात पाणी आलं.

यातून मी शिकलो ते एवढंच. शुल्क चांगलं की वाईट, हे रकमेवरून कळत नाही. ते वाक्य लिहिलं जात होतं तेव्हा खोलीत कोण बसलं होतं, यावरून कळतं.

ही गोष्ट एका गावाची नाही. २०२४ च्या अखेरीस गोव्यात कळंगुटच्या ग्रामसभेत पर्यटकांवर कर लावायचा ठराव झाला. तक्रार कुणाबद्दल होती? हॉटेलचं बुकिंग न करता येणाऱ्यांबद्दल, जे रस्त्याकडेला स्वयंपाक करतात आणि कचरा टाकून जातात. गावकऱ्यांचा त्रास खरा आहे. पण जरा थांबून बघा. हॉटेलवाला पर्यटक आपला, आणि गाडीत तांदूळ-पातेलं घालून येणारा परका. घाण करणाऱ्याला दंड लावणं वेगळं, आणि गरीब आहे म्हणून त्याला घाण करणारा ठरवणं वेगळं. आपली पाच पोरं या दुसऱ्या यादीत बसली होती. पण प्लेटा टाकून त्यांनी ती यादी लिहिणाऱ्याच्या हातात पुरावाही दिला होता.

अमेरिकेत ग्रीनिच नावाचं श्रीमंतांचं गाव आहे. तिथला किनारा फक्त तिथल्या रहिवाशांसाठी होता. कायद्याचा एक विद्यार्थी पळायला गेला, त्याला फाटकावर अडवलं. तो कोर्टात गेला आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. मग गावाने काय केलं? बाहेरच्यांसाठी पास काढला, तोही महाग. भिंत पडली, तिच्या जागी दरपत्रक आलं.

आणि आपल्याकडे गोव्यातच, दोना पावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. सरकारने हॉटेलसाठी जमीन संपादित करून दिली, अट घातली की किनाऱ्याकडे जाणारी वाट लोकांना खुली राहील. पुढे वाटेवर बांधकाम आलं. लोक कोर्टात गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किनारा लोकांचा आहे आणि तिथे पोचायची वाट लोकांना मिळालीच पाहिजे. त्याच वर्षी गोव्यात कायद्यात दुरुस्ती झाली आणि हॉटेलचं बांधकाम वाचलं. कोर्टात जिंकलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

पण या सगळ्यात जुना आणि आपल्या जवळचा धडा कोकणातल्याच महाडचा आहे. चवदार तळं शाळेत वाचलं असेल. पण पुस्तकात एक गोष्ट पटकन निसटून जाते. तळं नगरपालिकेच्या हद्दीत होतं, आणि ते सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. ठराव कागदावर होता, पण दलितांना तीन वर्षं पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा जिवंत झाला. सभेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. खटला दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच वर्षाच्या, १९२७ च्या डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरायची होती. मंडपाला जागा कुणी देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. त्याचा तळ्याशी काय संबंध होता? त्याला पाणी अडवलेलं नव्हतं. दुसऱ्याची वाट अडवलेली दिसली आणि त्याच्याकडे जमीन होती, ती त्याने दिली.

हे मी आज सांगतो, कारण आपण ग्रामसभेला जातो तेव्हा कशासाठी जातो ते मला माहीत आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी आयुष्य काढलंय. कब्रस्तानची भिंत, ईदगाहकडचा रस्ता, एवढं मागतो. ते मिळालं की निघून येतो, नाही मिळालं की आपल्याला कोण विचारतं म्हणत घरी बसतो. भिंत मागणं चूक नाही. मय्यत घेऊन चिखलातून जावं लागतं तेव्हा रस्ता मागायलाच हवा. पण बाजारतळावर भाजी विकणाऱ्या बाईला शौचालय नाही, यासाठी आपल्यातला कुणी हात वर करतो का? बाजार फीचा हिशोब कुणी विचारतो का? आपण फक्त आपलं मागत राहिलो, तर लोक आपल्याला मागणारे समजतात. सगळ्यांचं विचारायला लागलो की गावकरी समजतात. नाक्यावरच्या त्या माणसाच्या 'बाहेरचे' या शब्दाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

मघाशी मी विचारलं, ग्रामसभेला कोण कोण गेलंय. दोन हात वर आले. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही. कोरम म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढी नसली की सभा तहकूब होते, आणि मग कमी माणसांत कामं उरकतात. मुलींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. ती कधी आहे ते विचारा. विचारलं नाही तर ती कागदावरच होते, हे मी अनुभवाने सांगतो.

येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. मी तुम्हाला भाषण ठोकायला सांगत नाही. दहा जणं चला. हजेरी रजिस्टरवर सही करा. ठराव लिहून झाला की म्हणा, "भाऊसाहेब, मोठ्यानं वाचून दाखवा." आणि ऐकताना एवढंच बघा की त्यात कोण राहून गेलंय. आपलाच माणूस असेल असं नाही. कुणीही असेल.

आणि ती पाच पोरं. परवा मला भेटली. पुन्हा जायचं ठरलंय म्हणाली. मी विचारलं, ताटं कसली नेणार? एकजण म्हणाला, "चाचा, अम्मीची स्टीलची. घासून आणायची, असं बजावलंय तिनं."

आता तुम्ही बोला, मी ऐकतो.