अंड्यांचीही निवड असते

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला, की धारवाडच्या साधनकेरी-केलगेरीकडची डबकी बेडकांनी दणाणून जातात. सोनपिवळा झालेला मोठा नर गळ्याजवळच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. मादी आली, की तिच्या पाठीवर बसून तिला घट्ट धरतो. ती पाण्यात अंडी सोडते, तो त्यांवर शुक्राणू. फलन होते ते उघड्या पाण्यात.

मादीने नर निवडला, की निवड संपली असे आपल्याला वाटते. ती संपत नाही. ऑस्ट्रेलियात पेरोनच्या वृक्षबेडकांवर प्रयोग झाले. दोन नरांचे शुक्राणू एकाच मादीच्या अंड्यांवर सोडले, तेव्हा मादीशी जनुकांनी अधिक जवळच्या नराची पिले जास्त निघाली. हे 2008 साली प्रसिद्ध झाले. त्याआधी 1999 मध्ये जीवशास्त्रज्ञ स्टीफन पलुंबी यांनी सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्यामध्ये असेच दाखवले होते. शुक्राणूवर बिंडिन नावाचे प्रथिन असते, आणि मादीची अंडी स्वतःच्याच प्रकारचे बिंडिन जनुक असलेल्या नराला झुकते माप देतात. रक्त जितके दूरचे तितके बरे, हा नियम सरसकट लागू पडत नाही. फार दूर गेले, तर परक्या जातीशी संकर होण्याचा धोका. फार जवळ राहिले, तर भावंडांतच संबंध.

भावंडे ओळखण्याचा प्रश्न तर आपल्या कर्नाटक विद्यापीठातच अभ्यासला गेला. प्रा. एस. के. सैदापूर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की काही जातींचे बेडूकमासे पाण्यात विरघळलेल्या रसायनांवरून आपले सख्खे ओळखतात. हे काम धारवाडचे आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता मासे पाळणाऱ्यांसाठी थोडे, कारण हेच दोन धोके तिथेही आहेत. रोहू-कटलाचे फलनही पाण्यातच होते. 1957 मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन रोहूसारख्या माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून प्रजननाच्या कुंडात कोण उतरणार हे माणूस ठरवतो. एकनाथ आणि डॉयल यांनी कर्नाटकातल्या मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास करून 1990 मध्ये दाखवले, की मोजक्याच माशांवर भागवल्यामुळे तिथे सगोत्र प्रजनन वाढत होते. दुसऱ्या टोकाला, रोहू आणि कटला एकाच कुंडात सोडले तर त्यांचे संकर होतात, आणि त्या संकरांना पुढे पिलेही होतात.

तेव्हा केंद्र चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे : प्रजनक मासे भरपूर ठेवा, अधूनमधून दुसरीकडून नवे आणा, आणि रोहू, कटला वेगवेगळ्या कुंडांत उतरवा.