उतरणीचा हिशेब

बारामती-इंदापूरच्या तरुण मित्रांनो, २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्याला अवकाशात नेणाऱ्या अग्निबाणाच्या बूस्टरचे भाग आपल्या वालचंदनगरात घडले, याचा अभिमान अवश्य बाळगा. मला मात्र ७ सप्टेंबर २०१९च्या रात्रीविषयी बोलायचे आहे. त्या रात्री चांद्रयान-२चे विक्रम लँडर कोसळले. पुढे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सोमनाथ यांनी त्याची कारणे जाहीरपणे मांडली. पाच इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर दिला, चुका साचत गेल्या. झपाट्याने वळण्याच्या यानाच्या क्षमतेला सॉफ्टवेअरची मर्यादा होती, आणि उतरण्याची जागा अवघी पाचशे मीटर लांब-रुंद!

म्हणून नवा आराखडा ‘काय काय बिघडू शकेल?’ या प्रश्नापासून आखला गेला. जागा चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली, पाय भक्कम केले, इंधन वाढविले आणि एक इंजिन चक्क काढून टाकले. (वगळण्यासही धैर्य लागते.) आपल्याकडे प्रयोग फसला की प्रथम दोषी शोधला जातो, मग कागद कपाटात जातात. उद्या तुमच्या कारखान्यात वेल्डिंगचा एखादा सांधा सदोष निघेल. तो ज्याच्या हातून झाला, तो कामगार ते सांगायला स्वतःहून तुमच्याकडे येईल काय?