तिऱ्हाईताचा विमा

विमा हा दोघांमधील करार. मोटारीचा मालक हप्ता भरतो आणि कंपनी जोखीम पत्करते. रस्त्यात जखमी झालेला पादचारी या करारात कोठेच नसतो. तरीही कायद्याने हा विमा सक्तीचा केला, तो त्याच्याचसाठी. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. पुढे, दिवाणी दाव्याची वाट लांबची व खर्चाची म्हणून, १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८८ च्या कायद्याने ती कायम ठेवली. साताऱ्याचा रहिवासी इंदूरला जखमी झाला, तर त्याला साताऱ्यासही अर्ज करता येतो.

चालकाचा परवाना खोटा निघाला तर? तेवढ्यावरून जखमीला विन्मुख पाठविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले. मालकाचा दोष सिद्ध झाला, तरी कंपनीने भरपाई आधी जखमीला द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते.

मात्र भरपाईचा आकडा पुराव्यावर ठरतो. पोलिसांचे कागद, औषधोपचाराच्या पावत्या, अपंगत्वाचा दाखला आणि मिळकतीचा पुरावा जपून ठेवला पाहिजे. कारण सुताराचा उजवा हात निकामी झाला, म्हणजे केवळ एक अवयव जात नाही. त्याच्या घरची चूल ज्यावर पेटते, तो धंदाच जातो. न्यायाधिकरणाला मोजावयाची असते ती ही हानी.