पेढा आणि प्रश्न

(मालवण येथे ‘जंग और अमन’ हा अनुबोधपट दाखविण्यापूर्वी केलेले भाषण)



१९९८ सालाने जगापुढे दोन मार्ग ठेवले. १० एप्रिलला बेलफास्टमध्ये समझोता झाला आणि उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांच्या रक्तपातातून बाहेर पडण्याची वाट सापडली. महिन्याभराने, ११ मे रोजी, पोखरणला अणुस्फोट झाले. २८ मे रोजी पाकिस्तानने चागई येथे उत्तर दिले. सुट्टी संपून कॉलेज उघडले तेव्हा आमच्या प्राध्यापक-कक्षात पेढे वाटले गेले. शस्त्रांवरील खर्च म्हणजे कोणाच्या तोंडचा घास, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर मांडीत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी मुकाट्याने पेढा खाल्ला.

आनंद पटवर्धन मात्र कॅमेरा घेऊन निघाले. पोखरणजवळचे खेडूत, जादुगोड्याच्या युरेनियम खाणींजवळचे आदिवासी, हिरोशिमातून वाचलेले वृद्ध या पटात भेटतात. मला अस्वस्थ केले ते पाकिस्तानातील शाळकरी मुलींनी. वादविवादात बॉम्बची बाजू तावातावाने मांडणाऱ्या या मुली, नंतर शांतपणे विचारल्यावर, आपले खरे मत निराळे असल्याचे कबूल करतात. त्यांना जे साधले, ते मला साधले नव्हते.

असा कॅमेरा सत्तेला खुपतो. सेन्सॉर मंडळाने या पटात काटछाट सुचविली. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो अखंड दाखविण्याची मुभा दिली. ब्रिटनमध्ये १९८५ साली उत्तर आयर्लंडच्या दोन विरोधी पुढाऱ्यांवरील पट सरकारी दडपणाखाली बीबीसीने रोखला. पत्रकारांनी संप केला, तेव्हा काही महिन्यांनी किरकोळ बदलांनिशी तो दाखविला गेला. १९८८ ते १९९४ या काळात तर शिन फेनच्या नेत्यांचा चेहरा पडद्यावर दिसे आणि आवाज नटाचा ऐकू येई! अखेर १९९८च्या वाटाघाटींत त्याच पक्षाला सामावून घ्यावे लागले.

असे पट आधीच पटलेल्यांना पटतात, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून विनंती एवढीच की, पट संपल्यावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. आपल्या किनाऱ्यावरही पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात वैर आहे. न्याय कोणाकडे, याविषयी आपले मत ठाम असू द्या. परंतु समोरच्या होडीवरील खलाशाला त्याचे पोट कशावर चालते, हे आपण कधी विचारले आहे का? ऐकून घेतल्याने आपली बाजू सोडावी लागत नाही.

पेढा पुन्हा केव्हातरी पुढे येईलच. त्या वेळी निदान एक प्रश्न विचारण्याचे धैर्य आपणां सर्वांना लाभो.