रडण्याची सक्ती



  संमेलनाध्यक्षानं मानसिक आरोग्याच्या कामाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागल्या, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २०२२ पासून टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळण्याची मारामार होती, ती आजही आहे. झाला आढावा.

आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं सांगतो. दुःखातल्या माणसाला रडवायचा उद्योग आपण बंद करावा.

नवरा गेलेल्या बाईच्या डोळ्यांवर सगळ्या गावाची नजर असते. ती रडली नाही, तर ‘डोळ्याला टिपूस नाही हो’ म्हणून कुजबुज सुरू होते. गावाचं सोडा. आपण शिकलेली माणसं तेच म्हणतो, फक्त भारी भाषेत : ‘दुःख दाबून ठेवलंय’, ‘अजून नकारात आहे’. मग तिला बोलतं करायचा चंग बांधतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजत आले होते, तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. मी तेव्हा तरुण डॉक्टर, मदत पथकाबरोबर गेलो होतो. पत्र्याच्या शेडपुढे एक आजी सुपात ज्वारी घेऊन बसल्या होत्या. ढिगाऱ्यातून काढलेली ज्वारी, निम्मी माती. खडे वेचत होत्या. आमच्यातली एक कार्यकर्ती शेजारी बसली आणि म्हणाली, ‘आजी, त्या रात्री काय झालं ते सांगा, मन मोकळं करा.’ सुपावरची नजर न काढता आजी म्हणाल्या, ‘सकाळधरनं किती डाव सांगू? तुमालाच पाठ झालं असंल आता, तुमीच सांगा.’ कार्यकर्तीनं वहीत लिहिलं : प्रतिसाद देत नाही.

त्या काळी आघातानंतर लगेच सगळं बोलून घ्यायची पद्धत जगभर जोरात होती. अमेरिकेत १९८३ मध्ये मिचेल यांनी ती अग्निशमन आणि बचावदलांसाठी मांडली होती. पुढे चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही असं दिसलं. काहींना तर त्रासच वाढला. जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तकही सांगतं की बोलण्याचा आग्रह धरू नका. आजींनी हे खडे वेचता वेचता सांगितलं होतं.

यावर आपले तरुण सहकारी खूश होतील. त्यांचा पक्ष दुसरा : माणूस मुळात चिवट असतो, बहुतेकजण आपले आपण सावरतात. सावरतात, खरं आहे. पण कोण सावरलं हे तुम्ही कशावरून ठरवता? पुन्हा डोळ्यांवरूनच!

वैजापूरकडची एक बाई. नवऱ्यानं आत्महत्या केली. तेरावा झाला आणि ही कापूस वेचायला गेली. सगळे म्हणाले, लई खंबीर. खंबीर म्हटल्यावर कोण विचारतंय? मान अवघडली म्हणून माझ्याकडे आली, इंजेक्शन द्या म्हणाली. झोपेचं विचारलं. रात्रभर उठून पोरांच्या नाकाशी हात धरायची, श्वास चालू आहे की नाही ते बघायला. गोळ्या दिल्या, थोड्याफार लागू पडल्या. पण सातबाऱ्यावर वारस नोंद नव्हती, कृषी सेवा केंद्राची उधारी कोणी फेडायची ते ठरलेलं नव्हतं. सरकारी मदतीच्या लाखातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. आणि तेही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. तिची झोप या कागदांत अडकली होती, ते आपल्या कुठल्या पुस्तकात आहे? माझ्यासमोर ती एकदाही रडली नाही.

इथल्या, खुलताबादच्या भद्रा मारुतीला श्रावणात शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून पायी येणारे हजारो असतात. दौलताबादचा घाट चढून शनिवारी पहाटे दर्शन. त्यांत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. मुलगा अपघातात गेला, त्या वर्षापासून चालतात. मुलाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. माझे एक विद्वान मित्र याला ‘टाळणं’ म्हणतात. मी म्हणतो, हा माणूस जेवतो, झोपतो, दुकान उघडतो, नातवाला शाळेत सोडतो. चालू द्या की त्याला!

तेव्हा दुःखातल्या माणसाला तपासायची आपली मराठी प्रश्नावली नव्यानं बांधायला हवी. झोप, भूक, कामात लक्ष, जीव नकोसा वाटतो का, रात्री घरात सोबत कोण, जमीन कोणाच्या नावावर, हे आधी.  ‘रडू येतं का?’ हा प्रश्न कोणाला ठेवायचाच असेल, तर ठेवा. पण शेवटी, आणि त्याला गुण देऊ नका.